बोटभर कार्डिफ

शुक्रवारी दुपारी कॅन्टीनमध्ये ऑपरेटरबाई पेपर उलगडायच्या, कार्डिफची बातमी सापडेपर्यंत पानं उलटायच्या आणि सापडली की तिच्यावर आपलं बोट आडवं ठेवायच्या. बातमी बोटाखाली पूर्ण झाकली जायची. मग समोर जो कोणी असेल त्याला विचारायच्या, "दिसतंय का काही?"

समोर बहुतेक वेळा मीच असायचे. नाही म्हटलं की चहा गार होईपर्यंत लंडनचा उद्धार ऐकावा लागायचा. हो म्हणायची सोय नव्हती, कारण खरंच काही दिसत नसायचं.

बाई आमच्या हॉस्पिटलच्या स्विचबोर्डवर होत्या. ऐंशीच्या दशकात मी भूलतज्ज्ञ म्हणून वेल्समध्ये, कार्डिफला आले, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्याच्या कितीतरी आधी त्यांचा आवाज ओळखीचा झाला. सबंध हॉस्पिटलात माझं आडनाव धड उच्चारणाऱ्या त्या एकट्याच. पहिल्याच दिवशी त्यांनी ते फोनवर माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं होतं. मला वाटलं केवढा हा जिव्हाळा. जिव्हाळा वगैरे काही नव्हता. नाव चुकलेलं त्यांना खपत नसे, एवढंच.

तो पेपर म्हणजे लंडनहून निघणारं एक साप्ताहिक. आफ्रिकेतून आणि कॅरिबियन बेटांवरून इकडे आलेल्या लोकांसाठी काढलेलं. त्यात बेटांवरच्या निवडणुका, लेगोसच्या बातम्या, क्रिकेट, डॉमिनोच्या स्पर्धांचे निकाल, केसांच्या तेलाच्या आणि घरी बॅरल भरून सामान पाठवणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती असं सगळं असे. बाई त्याच्या कार्डिफच्या वार्ताहर होत्या. ही नेमणूक कोणी केली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझा संशय आहे की त्यांनी स्वतःच केली असावी.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्या लंडनला बातमी सांगायच्या. दिवसभर सगळ्या हॉस्पिटलचे फोन जोडणारी ही बाई स्वतःच्या कामाला मात्र हॉस्पिटलची लाइन वापरत नसे. एक्स-रेच्या बाहेर भिंतीवर पेफोन होता, तिथे नाणी टाकत उभ्या राहायच्या. सुरुवात ठरलेली. "कार्डिफहून बोलतेय. आम्ही अजून इथेच आहोत." मग बातमी, स्वल्पविरामांसकट. मध्येच पिप्-पिप् वाजलं की नाणं टाकून तुटलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू. आणि शुक्रवारी त्या सगळ्याचं व्हायचं बोटभर.

खरी चिडचिड नुसत्या जागेची नव्हती. बाईंचे वडील बार्बाडोसचे खलाशी, आई इथलीच, वेल्श. पहिल्या महायुद्धानंतर वडील गोदीजवळच्या एका रस्त्यावर राहिले ते कायमचे. बाईंचा जन्म तिथलाच, बोलणं तिथलंच. बार्बाडोस त्यांनी त्या पेपरातच काय ते पाहिलं होतं. पण पेपर काढणारी मंडळी पन्नाससाठच्या दशकांत बोटीतून उतरलेली, त्यामुळे माणूस म्हटला की तो कुठून तरी आलेला असायचाच, हा त्यांचा हिशेब. एकदा फोनवर तिकडून कोणीतरी विचारलं, तुम्ही कधी आलात? बाई कॅन्टीनमध्ये लालबुंद होऊन सांगत होत्या.

"मी म्हटलं, मी आलेच नाही. तुम्ही आलात तेव्हा मी इथेच होते."

तुमच्याही ओळखीत असं कोणीतरी असेल, ज्याच्या रागाला आपण आधी हसतो आणि मग तो राग हळूहळू आपल्याला लागतो. मला तो लागला आमच्या मंडळाच्या अंकामुळे. लंडनच्या मराठी मंडळींनी काढलेल्या त्या अंकात हॅरोच्या गणपतीला चार पानं आणि फोटो. आमच्या कार्डिफच्या गणपतीला शेवटच्या पानावर, नारळाच्या वड्यांच्या जाहिरातीखाली, एक वाक्य. मी तो अंक घेऊन कॅन्टीनमध्ये गेले. बाईंनी त्यावर बोट ठेवून पाहिलं आणि म्हणाल्या, "बोट जास्तच होतंय. नखभर आहे." त्या दिवशी आम्ही दोघी खूप हसलो. पण त्यानंतर मला त्यांचं हसू कमी येऊ लागलं.

मग हॉलचं प्रकरण आलं. गोदीजवळ एक जुना हॉल होता. पत्र्याचं छप्पर, आत लाकडी फरशी. तिथल्या खलाशांच्या घरांतली बारशी, लग्नं आणि मयतानंतरचं खाणंपिणं तिथेच व्हायचं. बाईंच्या आईवडिलांच्या अंत्यविधीनंतर सगळे तिथेच जमले होते. बाईंचं लग्नही तिथलंच. गोदीच्या बाजूला नवी बांधकामं उठायला लागली आणि मालकाने हॉल विकायला काढला. बाईंनी मला सरळ सांगितलं, "मी गेल्यावर लोक तिथेच चहा प्यायले पाहिजेत." त्यांना खात्री होती की पहिल्या पानावर फोटो आला की देशभरातून पत्रं येतील आणि मालकाला लाज वाटेल. मला तेवढी खात्री नव्हती, पण दुसरा उपाय मलाही सुचत नव्हता.

फोन करून बोटभरच छापून येतंय म्हटल्यावर त्यांनी फोटो माझ्या हातात दिला. मी वीकेंडला नणंदेकडे, लंडनच्या पिनर भागात निघाले होते. फोटोत हॉलसमोर उभी असलेली म्हातारी माणसं, मागे बाई, चर्चला जाताना घालतात तो कोट घालून. नणंद म्हणाली, "वहिनी, तू इथे रिलॅक्स व्हायला आलीयस की पेपरची डिलिव्हरी करायला?" तरी शनिवारी मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्यूबने पेपरच्या ऑफिसात गेलेच.

ऑफिस एका कार्पेटच्या दुकानावर होतं. मी भांडायच्या तयारीने जिना चढले. वर दोनच माणसं. एकजणी टाइप करत होती आणि संपादक स्वतः खाली गुडघे टेकून गठ्ठ्यांना सुतळी बांधत होते. टेबलावरचा फोन सतत वाजत होता आणि तो कोणी उचलत नव्हतं. कार्डिफ म्हटल्याबरोबर संपादकांनी मान खाली घातली. म्हणाले, बाईंना सांगा, जाहिराती मिळतील तेवढीच पानं निघतात, आणि लंडनमधले लोक तर दारात येऊन उभे राहतात. पण फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. "पहिल्या पानावर घेतो," म्हणाले.

सोमवारी मी बाईंना सगळं सांगितलं, ते गुडघे टेकून बांधलेले गठ्ठेसुद्धा. मला वाटलं त्यांचं मन थोडं तरी विरघळेल. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीही लंडनच्या झालात."

त्या शुक्रवारी पहिल्या पानावर हॉल नव्हता. लंडनमध्ये एक तरुण पोलिसांच्या कोठडीत मरण पावला होता, त्याच्या आईचा फोटो होता. बाईंनी ती बातमी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली. बोट ठेवलं नाही. "हे इथेच हवं होतं," म्हणाल्या. मग कपबशी इतक्या जोरात ट्रेवर आपटली की शेजारचं टेबल वळून पाहायला लागलं. मला त्यांचं पटत होतं, संपादकांचंही पटत होतं, आणि त्याचाच संताप येत होता. भांडायला समोर कोणी वाईट माणूसच नव्हता.

पुढच्या शुक्रवारी फोटो आला. आतल्या पानावर, पण चांगला मोठा, खाली बाईंची सगळी बातमी, एक शब्द न कापता. शेवटी लिहिलं होतं, हॉल पाडला जाण्याची शक्यता आहे. तो त्याच आठवड्यात सोमवारी सकाळी पाडला होता. बाईंनी सवयीने बोट ठेवलं. ते पुरेना. मग सबंध पंजा ठेवला आणि तो तसाच ठेवून बसून राहिल्या. दिसतंय का काही, हे काही त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

मंगळवारी मात्र पुन्हा पेफोनवर. "कार्डिफहून बोलतेय." मी लांबून पाहिलं आणि मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

निवृत्त झाल्यावरही त्या बातम्या पाठवत राहिल्या. नव्वदच्या दशकात, एका फेब्रुवारीत, गेल्या. चर्च भरलं होतं. प्रार्थना संपल्यावर सगळे बाहेर येऊन उभे राहिले आणि कोणाला काही सुचेना, कारण एरवी इथून पावलं हॉलकडेच वळायची. हॉलच्या जागी आता फ्लॅट्सचं कार पार्क होतं. शेवटी चर्चच्या आवारातच लोकांनी गाड्यांच्या डिक्या उघडल्या, सँडविच काढली, थर्मासमधला चहा ओतला. भुरभुर पाऊस पडत होता. बाईंनी एवढंच तर मागितलं होतं, आणि तेवढंही झालं नाही.

मी पेपरला फोन केला. तेच संपादक होते, आवाज पार थकलेला. म्हणाले, तुम्ही सांगा, काही कापणार नाही. मी स्विचबोर्डपासून हॉलपर्यंत सगळं सांगितलं. जन्म कार्डिफ, हे दोनदा सांगितलं.

शुक्रवारी कॅन्टीनमध्ये आमच्या नेहमीच्या टेबलावर पेपर उघडला. बातमी खरंच लांब होती. दोन्ही हातांची बोटं ठेवली असती तरी उरली असती. पहिलंच वाक्य होतं, बार्बाडोसहून येऊन कार्डिफमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या वार्ताहर.

चहा तसाच टाकून मी उठले. पर्समधली नाणी चाचपत एक्स-रेच्या बाहेर गेले. पेफोन अजून तिथे होता. तिकडे फोन बराच वेळ वाजला. कोणीतरी उचलला, मी नाणं टाकलं आणि माझं नावगाव सांगायच्या आधीच तोंडातून निघालं, "कार्डिफहून बोलतेय. आम्ही अजून इथेच आहोत."