कोंढ्याच्या कॅप्टनचा पत्ता

मोबाईलवरच्या बंदुकांच्या खेळात आमची चौघांची टीम होती. खरी नावं कोणी कोणाला विचारली नाहीत, गावाच्या नावानंच हाका. करडी म्हणजे धानाच्या बांधावर बसून खेळणारी एक सूनबाई. गोसे म्हणजे धरणावर मासेमारी करणारा गडी. पवनी म्हणजे मी, बावन्न वर्षांचा कारकून. वय अर्थातच लपवलेलं. आणि कोंढा म्हणजे आमचा कॅप्टन.

खेळात उतरल्या उतरल्या गोळी खाऊन आडवं होणं ही माझी खासियत. आडव्या गड्याला सोबत्यानं वेळेत येऊन उचललं तर तो वाचतो, नाही तर गेला. कॅप्टनचा आवाज यायचा, "अबे पवनी, पडला का पुन्हा? थांब, येऊन राहिलो." पडलेल्याला उचलल्याशिवाय पुढं जायचं नाही, मग सामना हरला तरी बेहत्तर, हा त्याचा कायदा. त्या दमदाटीवरून मी त्याला निवृत्त फौजदार समजत होतो.

एक दिवस त्यानं ग्रुपवर आवाज पाठवला. कॅन्सर सगळीकडं पसरलाय, नागपूरच्या डॉक्टरांनी आता घरीच राहायला सांगितलंय. औषधांनी बोटं सुन्न झालीत, स्क्रीनवर बोट नीट पडत नाही. "माह्या जागी दुसरा गडी घ्या."

करडी भडकली. "दुसरा कायले? पवनी, तूच जवळचा आहेस. जा आन् सांग त्यायले, जागा त्यायचीच हाये."

रविवारी डाळिंबं घेऊन मी कोंढ्याला उतरलो आणि तिथं लक्षात आलं की ज्याला भेटायचंय त्याचं नावच आपल्याला ठाऊक नाही. पानठेल्यावर विचारलं, "इथं आजारी माणूस कोणत्या घरी?" पानठेलेवाल्यानं मोठ्या आपुलकीनं मला एका अंगणात नेऊन सोडलं. बाजेवर एक म्हातारे, डोळ्यावर हिरवी पट्टी. मी त्यांचे पाय धरले.

"कॅप्टन, किती वेळा तुमी मले मरणातून उचललं!"

म्हाताऱ्यांनी माझं डोकं चाचपलं. मग नम्रपणे म्हणाले, "असन बाप्पा. जवानीत तलावावर बुडनाऱ्या लय जनायले काढलं मी. तू कोनता?"

त्यांची सून पदर डोळ्यांना लावून चहा ठेवायला गेली. मी अर्धा तास धीर देत होतो, "मरणाले भ्यायचं नाही," वगैरे. इतक्यात उशाशी त्यांचा बटनाचा मोबाईल वाजला. बटनाच्या मोबाईलवर आमचा खेळ चालत नाही. सुनेला विचारलं, तर म्हाताऱ्यांचं नुसतं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

"मोबाईलवर खेळते तो? तो मांगच्या गल्लीत हाये," सून म्हणाली. डाळिंबं परत मागायची हिंमत झाली नाही.

मागच्या गल्लीत रिकाम्या हातानं गेलो. खाटेवर तिशीच्या आतला, वाळून गेलेला पोरगा. मी तोंड उघडलं तोच तो म्हणाला, "पवनी?" मग माझे पांढरे केस पाहून, "अरे, तुमी तं काका निघाले! अन् मी तुमाले अबे-तुबे करून राहिलो होतो." डाळिंबांची हकिकत ऐकून तो इतका हसला की आईनं धावत येऊन त्याची पाठ चोळली.

करडीचा निरोप सांगितला. तो बोटांकडं पाहत म्हणाला, "अशा हातानं कायची जागा, काका?"

"हात माझे घ्या. डोकं तुमचं."

"तुमचे हात? त्याहून माहे सुन्न बरे!"

पण तयार झाला. दर रविवारी दुपारी मी त्याच्या खाटेवर बसायचो, त्याचा मोबाईल माझ्या हातात, त्याचा आवाज माझ्या कानात. माझा स्वतःचा गडी घरी बसला. त्याची आठवण कोणालाच आली नाही.

शेवटच्या सामन्यात समोर एकच टीम उरली होती आणि आम्ही झाडीत दडून होतो. नुसतं थांबलो असतो तरी जिंकलो असतो. तेवढ्यात करडी पडली. कॅप्टनचा आवाज आता कुजबुजीएवढाच उरला होता. "मांगं फिरा, काका." मी फिरलो, तिच्यापर्यंत पोचलो, घाईत उचलायच्या ऐवजी बॉम्बचं बटन दाबलं आणि तिच्यासकट स्वतःला उडवलं.

गोसेनं कपाळ बडवल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. कॅप्टन डोळे मिटून हसत होता. "पोचले तं होते ना," म्हणाला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं त्याला माती द्यायला गेलो. एकमेकांना पहिल्यांदाच पाहिलं, ते तिथं. हिरवी पट्टी सुटलेले ते म्हातारेही काठी टेकत आले. मला न्याहाळून शेजाऱ्यांना म्हणाले, "याले ओळखता का? बुडून राहिला होता. उचलला होता याले."

करडीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली.

"आता जपून राहा रे बाबू," म्हातारे म्हणाले.

"हो बाबाजी," मी म्हणालो.