व्हय म्हाराजाची साथ

काकांनी गोव्याहून आलेल्या पियानोवाल्याला माझ्यादेखतच सांगून टाकलं, "आज हात चललो नाय, तर ह्यो डबल बास तू गोव्याक घेवन जा. माका तो घरात नको."

डबल बास म्हणजे कपाटाएवढं उभं वाद्य. काकांनी उभा जन्म ते कवेत घेऊन जॅझ वाजवलं, आधी हॉटेलांत, मग बोटीवर, मग परदेशात. तिकडच्या पेपरांत त्यांचे फोटो आहेत. खाली लिहिलेलं मला वाचता येत नाही. मी यवतमाळकडची, आठवीत शाळा सुटलेली, त्यांची सेवा करायला मालवणला आले. पण ऐकून ऐकून एवढं कळलं होतं की बास असताना लक्षात येत नाही, थांबला की पायाखालची जमीन गेल्यासारखं होतं. आणि काका दोन सुरांत जागा सोडायचे, ती घाईनं भरायचे नाहीत. नाव झालं ते त्यामुळंच.

अर्धांगाच्या झटक्यानं त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं लुळी पडली होती. त्याच हातानं त्यांनी, मी आले त्या पहिल्या आठवड्यात मला ताप आला तेव्हा पेज करून वाढली होती. मी कशी विसरू?

संध्याकाळी काकांचं वाजवणं ऐकायला देवळाच्या मंडपात गाव जमलं. आधी गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं घालणं, झालं. इथं त्याशिवाय काही सुरूच होत नाही. गुरव देवाला विनवून थांबला की गावकर आजोबा आणि त्यांच्यामागून सगळे म्हणत, "व्हय म्हाराजा!"

मग वाजवणं. पियानो, ड्रम होते तोवर निभावलं. मग ते दोघे थांबले, काका एकटे. चार सूर आले आणि बोट तारेवरून घसरलं. पुन्हा दाबलं, पुन्हा घसरलं. काकांनी हात खाली सोडला. पियानोवाला माझ्याकडे बघायला लागला. मी काकांच्या गोळ्यांची डबी घट्ट धरून बसले.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून, सवयीनं, गावकर आजोबा खणखणीत बोलले, "व्हय म्हाराजा!"

आणि त्यांच्या मागून सगळा मंडप, "व्हय म्हाराजा!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. काका बघतच राहिले. मग त्यांनी डाव्या हाताच्या चांगल्या दोन बोटांनी सगळ्यात जाड तारेवर गाऱ्हाण्याचीच चाल धरली, थोडी वाजवली, आणि थांबले. मंडप गरजला. पुन्हा वाजवली, या वेळी जास्त वेळ थांबले. लोक श्वास रोखून बसले, मीही. मग पुन्हा "व्हय म्हाराजा!" ड्रमवाल्यानं काड्या उचलल्या.

संपल्यावर पियानोवाला बासवर खोळ चढवायला लागला.

"खंय चाललंस तो घेवन?" काका त्याच्यावर खेकसले. मग माझ्याकडे वळून, "आणि तू गो बाय, रडतंस कित्याक? गाडीचा दार उघड. बास घराक येतलो."