मागून धरलेली सायकल

माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. आमच्या चाळीत कुणाला जिन्यात काही दिसलं की मी म्हणायचे, आधी गॅसवरचं दूध बघ. मुलीच्या मोबाइलवर लोकांचे असे अनुभव वाचते, पण ते करमणूक म्हणून. शिक्षण चौथीपर्यंतच झालं, वाचायची आवड मात्र राहिली. लिहायची लाज वाटते... म्हणून हे सध्या माझ्यापुरतंच लिहून ठेवते. पाठवीन की नाही, बघू.

मी बोरिवली पूर्वेला राहते. जवळच्या सोसायट्यांमध्ये पोळीभाजीची कामं करते. म्हातारी आई माझ्याकडेच असते.

आधी माझ्या दादाबद्दल सांगायला हवं. आमच्या गावात, कोकणात, शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला नदीच्या कडेकडेने डोंगर चढून पलीकडच्या गावी जावं लागे. मुलगे सायकलने जायचे. मुलीला एवढ्या लांब पाठवायला बाबा तयार नव्हते. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. तो म्हणाला, "बाय, तू सायकल शिक. मग बघतंय बाबा कसे नाय म्हणतत ते." आणि त्याने मला नदीकाठच्या लाल मुरुमाच्या वाटेवर शिकवायला घेतलं. माझे पाय पुरत नसत, अर्धंच पायडल मारायचे. तो मागून कॅरियर धरून धावायचा आणि ओरडायचा, "धरलंय गो, सोडूक नाय." त्याचा एकच नियम होता — मागे बघायचं नाही. बघितलंस की पडशील.

मला पुरती सायकल येण्याआधीच तो नोकरीसाठी मुंबईला आला. माझी शाळा तिथेच संपली. दादा कांजूरमार्गला गाववाल्यांच्या खोलीवर राहायचा, कारखान्यात जायचा. काही वर्षांनी एके दिवशी कामावर म्हणून निघाला, तो परत आलाच नाही. बाबांनी खूप शोधलं. हॉस्पिटलं पाहिली, पोलीस चौक्या पाहिल्या. काही नाही.

आमच्यात माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. मग त्याचं सगळं रीतसर होतं. बारा वर्षं कधीच उलटली, बाबाही गेले, पण आईने हे होऊ दिलं नाही. पितृपक्षात बाबांचं पान वाढताना कुणी दादाचं नाव काढलं, तर ती उठून बाहेर जाते.

गेल्या वर्षी आई आजारी पडली आणि गावाहून काकांचा फोन आला. "सुमन, यंदा करून टाकूया. वयनीच्या मागसून कोण करतलो? त्याका तरी सुटूक दे." त्यांचं मला पटलं. मी हो म्हटलं. आईला सांगायचं माझ्याकडे आलं... आणि रोज ठरवूनही मला ते सांगवेना.

त्याच दिवसांत हे घडलं.

मी ज्यांच्याकडे काम करते त्यांतल्या मुग्धा मॅडमना सायकलचं वेड आहे. त्यांची ती ग्रॅव्हल बाइक की काय, जाड टायरची, खडीमुरुमावरून जाणारी. रविवार आला की त्या कुठे कुठे नदीच्या खोऱ्यात, रानात जातात. म्हणतात, गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही ना, तिथे माझं डोकं जागेवर येतं. एकदा पोळ्या लाटताना त्यांनी विचारलं,

"सुमनताई, तुम्हाला येते सायकल?"

"अर्धी येते."

"अर्धी म्हणजे?"

"मागून कुणी धरलं तर."

त्या खूप हसल्या. "मग मी धरते. आमच्या ह्यांची बाल्कनीत पडून आहे, कपडे वाळत घालायला. या रविवारी चला."

मी नको म्हटलं, मुलीने ढकललं. होळी जवळ आली होती. रविवारी सकाळी पंजाबी ड्रेस घालून मी नॅशनल पार्कात गेले. मुख्य रस्ता सोडला की नदीच्या कडेने एक मुरुमाची वाट आत जाते. आपण बाहेर दहिसर नदी बघतो, नाक धरून पूल ओलांडतो... आत तीच नदी स्वच्छ असते. खडकांच्या मधे पाण्याची डबकी, दोन्ही बाजूंना साग, बांबू, आणि पानं गळून फुलांनी लाल झालेले पळस. एक गाडी नाही. मुरूम आमच्या गावच्यासारखा लाल नाही, पिवळट आहे. पण टायरखाली कुरकुरतो तसाच. तो आवाज ऐकला आणि मला एकदम भरून आलं.

मॅडमनी सीट खाली केली, गिअर लावून दिला. "याला हात लावू नका. बाकी काही नाही, पायडल मारत राहा."

"आणि बिबट्या आला तर?"

"तो मागच्याला धरतो. तुम्ही माझ्या पुढे राहा."

सपाटीवर त्यांनी सीट धरून मला बऱ्याच फेऱ्या मारायला लावल्या. दोनदा पडले, कोपर सोललं. मग जमायला लागलं. त्या म्हणाल्या, "आली की तुम्हाला, उगाच अर्धी म्हणत होता," आणि आपल्या सायकलवर बसून पुढे निघाल्या. मी मागून हळूहळू.

पुढे बांबूच्या बेटाला वळसा घालून वाट चढते. मॅडम वळणाआड गेल्या. चढ लागला, माझी सायकल मंदावली, हँडल लटपटायला लागलं. उजवीकडे उतार होता, खाली नदीचे धोंडे. आता मी पडणार हे मला कळलं.

आणि मागून सायकल कुणीतरी धरली.

त्या सायकलला कॅरियर नव्हतं. तरी मला सीटच्या मागे ओढ जाणवली, अगदी पूर्वी जाणवायची तशी. हँडल सरळ झालं. मुरुमावर पावलं वाजायला लागली, धावणाऱ्या माणसाची. आणि धाप. माझ्या पाठीशी, अगदी जवळ.

मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. मी मागेही बघितलं नाही... बघितलं की पडायचं, हे इतकं अंगात भिनलेलं. मी फक्त म्हटलं, "दादा?" उत्तर आलं नाही. धाप चालू राहिली. तो चढ कधी संपू नये असं मला वाटत होतं. आयुष्यात दुसरं काही मी इतकं मागितलेलं नाही.

वर पोचल्यावर सायकल हलकी झाली. हात सुटला हे मला कळलं. थांबून वळले तर मागे रिकामी वाट, तिच्यावर पळसाची फुलं पडलेली. त्या चढावर आडोसा म्हणावा असं काही नव्हतं.

मॅडम पाणी पीत उभ्या होत्या. "तुम्ही उतरला नाहीत चढावर?"

"नाही."

"अहो, मी स्वतः उतरून ढकलते तिथे. पहिल्याच दिवशी? झकास."

"मॅडम, माझ्या मागे कुणी होतं?"

"कोण असणार? आपण दोघीच तर आहोत." मी सगळं सांगितलं. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "खोऱ्यात आवाज घुमतो हो. तुमचीच धाप असेल."

असेल. पण माझी धाप मला कळते. ही जड होती, आणि श्वास सोडताना शेवटी बारीक शिट्टी वाजत होती.

घरी जाताना मी ठरवून टाकलं. दादा स्वतः येऊन सांगून गेला, की मी आता नाही, मला मोकळं करा. आता आईला सांगायलाच हवं होतं.

आई सूप घेऊन सुकट निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, काकांच्या फोनसकट. बोलता बोलता मला रडू आलं. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "धापत होतो?"

"होय."

"कशी धाप? पोरासारखी?"

"नाय गो. जड. बाबांका म्हातारपणी लागायची ना, तशी. शेवटाक शिट्टी वाजायची..."

आईने सूप खाली ठेवलं. "मग रडतस कित्याक? मेल्लो माणूस मरताना जेवढो तेवढोच रवता. वय वाढता ता जित्या माणसाचा. माझो बाबलो म्हातारो झालो, म्हणजे तो जितो आसा." मग पुन्हा सुकट निवडायला लागली. "काकाक सांग, पळसाच्या पानांक हात लावशीत तर शिरा पडात तोंडार."

 मी ज्याच्यावरून तो गेला असं धरून चालले होते, त्याच्यावरूनच तिने त्याला जिवंत ठेवला.

थोड्या वेळाने मी उठले तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "परत जातलस ना थंय? मग चढणीक सायकल हळू चालव. त्याची साठी इली आता. धावडव नको त्याका."

काकांना मी फोन करून नको म्हणून सांगितलं. ते रागावले. ते बरोबर की आई, मला माहीत नाही. दादा गेलेला असेल तर ती म्हाताऱ्या माणसाची धाप कुठून आली? आणि जिवंत असेल तर कुठे आहे, आणि नदीकाठच्या त्या वाटेवर कसा आला? मला याचं उत्तर सापडलेलं नाही. कुणाला तसलं काही माहीत असेल तर... जाऊ दे.

आता मी मॅडमबरोबर रविवारी जाते. सायकल चांगली येते मला, पुरती. त्या चढावर पुन्हा कधी कुणी धरलं नाही. तरी बांबूचं बेट आलं की मी हळू होते, पडेन इतकी हळू. मॅडम वरून हाका मारतात, "पायडल मारा हो सुमनताई."

मी मारत नाही. आणि मागेही बघत नाही.