थांबायची जागा

मृणाल ऑलिम्पिकला गेली नव्हती.

तिला जाऊन आज वर्ष झालं, तरी हे मलाच सांगावं लागतंय. सकाळपासून आपल्या ग्रुपवर तिचा फोटो फिरतोय. खाली सोनेरी अक्षरांत "ऑलिम्पिकपटू, दोह्याची शान". ज्यांनी कोणी हे बनवलंय, त्यांनी कृपया आजच्या आज काढावं.

एरवी मी इतकी चिडले नसते.
खोटं. चिडले असतेच.

पण आज संध्याकाळी मला ॲडमिट व्हायचंय. उद्या सकाळी हार्टचं ऑपरेशन. मृणालचं झालं होतं, तेच.
ती त्यातून उठली नाही.

तेव्हा टायपिंगच्या चुका दिसल्या तर निघायच्या घाईत लिहितेय असं समजा. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्याचा मनसोक्त आनंद घ्यावा.

जे तिला ओळखत नव्हते, त्यांच्यासाठी थोडक्यात. वडील डोंगरात रस्ते बांधायचे, म्हणून सांगलीची ही पोर मनालीच्या बर्फात वाढली. पुढे युरोपात स्कीइंगच्या शर्यती, त्यावरच पोट. गुडघा गेला तेव्हा पुण्याला येऊन पेपरात खेळाचं पान लिहू लागली. मग टीव्ही. मग नवऱ्याच्या नोकरीमागे कतार. इथे काय नाही केलं! बाहेर गाड्यांचे टप भाजून निघत असताना एसी स्टुडिओत शाल गुंडाळून बर्फातल्या शर्यतींची कॉमेंट्री. उंटांच्या शर्यतींचं इंग्रजी निवेदन. हिंदी रेडिओवर सकाळचा शो. एक कॉलम. मुलांसाठी एक पुस्तक.

"एका कामात टिकत नाही गं मी," म्हणायची. "उतार दिसला की निघाले."

आमची ओळख मी शिकवायचे त्या शाळेच्या स्पोर्ट्स डेला झाली. ती चीफ गेस्ट. प्रिन्सिपलनी माइकवर जाहीर केलं, "अवर ओन ऑलिम्पियन!" टाळ्या. हिने माइक घेतला आणि शांतपणे म्हणाली, "सॉरी. मी ऑलिम्पिकला गेले नाही. मी कुंपणाला गेले."

निवडीची शर्यत होती. फिनिश लाइन ओलांडली, हात वर केले, वळून बोर्डावर स्वतःचा टाइम बघत राहिली. थांबायचं विसरली. समोर कुंपण. गुडघा तिथेच गेला.
"सरड्याची धाव कुंपणापर्यंत," ती हसून म्हणायची. "ही म्हण माझ्या नावावर रजिस्टर करून घे."

त्या दिवशी मी ठरवलं, ही बाई माझी मैत्रीण झाली पाहिजे. झाली. मी इंग्रजी शाळेतली बाई, म्हणून मला कायम "ए कॉन्व्हेंट" अशी हाक मारायची.

तिची एक सवय होती.
शर्यतीआधी स्कीअर्सना तो मार्ग वेगाने उतरून बघता येत नाही. हळूहळू घसरत एकदाच सगळी वळणं पाहायची आणि पाठ करायची. त्याला ते इन्स्पेक्शन म्हणतात. मग वर उभं राहून, डोळे मिटून, तळहात माशासारखा हलवत अख्खी शर्यत मनात उतरायची.
ती रेडिओच्या शोआधीही हेच करायची. स्टुडिओचा वॉचमन एकदा हळूच म्हणाला, "मॅडम दुआ कर रही हैं, कोई अंदर मत जाओ."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारीही तिने केलं. हॉस्पिटलच्या पलंगावर, डोळे मिटून.
"गाऊन. ट्रॉली. लिफ्ट. छतावरचे दिवे. मास्क. झोप. जाग. घशाला कोरड. नर्स ओरडते, यल्ला मॅडम, चला, डोळे उघडा."
हात तरीही हलतच होता.
मी म्हटलं, "झालं की. उठलीस. खलास."
"ए कॉन्व्हेंट, फिनिश लाइनला थांबायचं नसतं. थांबायच्या जागेपर्यंत जायचं." पुन्हा हात. "घरी आले. जिना चढले. तुझ्या अल वक्र्याच्या घराची बाल्कनी. तू केलेला पांचट चहा. मी नावं ठेवते. तू रुसतेस. हं, आता थांबले."

सगळं पाठ होतं तिचं. थांबायची जागासुद्धा.
आणि ती पोचली नाही.

मी वर्षभर तिच्यावर रागावलेय. एवढी तयारी करून कोणी असं करतं का?

आज दुपारी माझी बॅग भरून झाल्यावर मीही बसले. दार लावून, डोळे मिटून. गाऊन. ट्रॉली. लिफ्ट. दिवे. मास्क.
पुढे जाईना. पुन्हा गाऊनपासून सुरू केलं. पुन्हा मास्कपाशी अडकले.

नात दार न वाजवता आत आली. तिला मराठी सगळं कळतं, बोलायला मात्र जीभ जड.
"आजी, व्हॉट आर यू डूइंग?"
सांगितलं. खरं तेच सांगितलं.
"ओके. मास्क. अँड देन?"
"माहीत नाही गं."
"बट मृणाल आजी न्यू, ना?"
"तिला माहीत होतं. तरी ती आली नाही."
तिने जरा विचार केला. मग माझा हात धरून हवेत पुढे ढकलला, गाडी बंद पडल्यावर ढकलतात तसा.

झोप. जाग. कोरड. जिना.
बाल्कनी.
तिथे चहाला नावं ठेवणारं कोणी नव्हतं. तरी मी बसले. थांबले.

खाली गाडी उभी आहे. मुलगा दोनदा हाक मारून गेला.

मृणाल, निघते. पोचले तर चहा मीच करीन, पांचटच. नाही पोचले, तर तू भेटशीलच, आणि तो ऑलिम्पिकवाला फोटो ग्रुपवरून हटवता आला नाही म्हणून माझी खरडपट्टी काढशील.

तेव्हा ग्रुपवाल्यांनो, तेवढं करा. तिला निदान तिच्या कुंपणापाशी तरी सुखाने राहू द्या.

येते गं.