पडला का पाडला?

जालन्यात मस्तगडला व्हिडिओ गेम दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कॅसेटवाला गेम आला की तो आधी अ‍ॅडॉप्टर हुंगून बघायचा, सीडीवाला आला की कानाशी धरून आतली घरघर ऐकायचा. मग प्रत्येकाला विचारायचा, "पडला का पाडला?"

पोराचा गेम घेऊन गेले तेव्हा त्यानं मलाही तेच विचारलं. "पडला," मी म्हणाले.

त्यानं झाकण उघडलं. आतली प्लेट मधोमध तुटली होती. "ताई, हातातून पडून एवढं मोडत न्हाई. लेकराला तर लागलं न्हाई ना?"

मला रडू फुटलं. नवऱ्यानं रागात गेम भिंतीवर आपटला होता. तेव्हापासून पोरगा बोलत नव्हता.

"बराबर करून देतो," तो म्हणाला, "पण घरी नेऊ नका. लेकराला हितंच खेळायला पाठवत जा."

ती सगळी सुट्टी पोरगा त्याच्या दुकानात खेळला. जेवताना नवरा विचारायचा, "झाला का तो गेम?"

"पार्ट मिळंना म्हणतेत," मी जीव मुठीत धरून सांगायचे. पोरगा ताटातून मान वर काढायचा नाही.