मागे बसणारा

थेल्मा थर्टलने इंग्लंडातल्या नॉरफोकच्या रस्त्यांवर तीस वर्षं शववाहिनी चालवली आणि रिटायर झाल्याबरोबर तिच्या डोक्यात विमान शिकायचं खूळ शिरलं. गवताची धावपट्टी असलेल्या गावच्या क्लबात शिकायला दोन विमानं होती. एक नवं, चकचकीत, गुरू-शिष्यांना शेजारी-शेजारी बसवणारं. दुसरं कापडी पंखांचं म्हातारं. त्यात शिकणारा पुढे, शिकवणारा मागे.

शिकवणारा बॅझिल म्हणजे न थांबणारा भोंगा. "बाई, नवंच घ्या. शेजारी बसलो की सगळं नीट समजावता येतं. वारा, इंजिन, माझी पहिली बायको..."

थेल्मा नव्यात पाच मिनिटं बसली. तेवढ्यात त्याची पहिली बायको संपून दुसरी सुरू झाली. ती उतरली आणि म्हाताऱ्या विमानात पुढे जाऊन बसली.

"अहो, त्यात मी मागे असेन! काही सांगायचं झालं तर?"

"माझ्या मागच्यांनी तीस वर्षांत चकार शब्द काढलेला नाही," पट्टा आवळत थेल्मा म्हणाली, "आणि एकालाही मी उशिरा पोचवलं नाही. चढा. तुम्हाला निदान बसून जायला मिळतंय."