देवीचा वीकेंड

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि वीकेंड म्हणजे काय हे मला भर सभेत समजावून सांगण्यात आलं. शब्द कानावरून गेला नव्हता असं नाही. लालबागेत राहतो, कान अजून शाबूत आहेत. आमच्या गिरणीच्या जागेवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तिथून शुक्रवारी संध्याकाळी सुटणारी पोरं एकमेकांना तेच विचारतात, वीकेंडला काय करतोस. आमची सून किराणा वीकेंडला भरते. मुलगा पंखा वीकेंडला पुसणार असतो, आणि तो वीकेंड गेला की पुढच्या वीकेंडला पुसणार असतो. मी धरून चाललो होतो की कामं ढकलायला ठेवलेली ही एक जागा असणार. विचारायला कुणाकडे गेलो नाही. मी तिसरीपर्यंत शिकलो. शाळेतून मला कुणी काढलं नाही, मीच जायचा थांबलो. हे जे लिहितोय तेही माझ्या हाताने लिहितोय, कुणाला सांगून लिहून घेत नाही.

गिरणीत मी साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होतो. सुट्टी रविवारचीच, पण तिला आम्ही सुट्टीच म्हणायचो, दुसरं नाव नव्हतं. शनिवारची रात्रपाळी करून रविवारी सकाळी घरी यायचं, कानात साचे वाजत असायचे, तसंच आडवं व्हायचं. उठेपर्यंत रविवार संपत आलेला असायचा. त्या दिवसाची कुणी वाट बघावी असं त्यात काही नव्हतं.

वाट बघायचो ती जत्रेची. आमचं गाव कोकणात, आणि आमच्या जत्रेला ठरलेली तारीख नाही. दिवाळी सरली की गुरव देवळात बसतो, देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि एकेक वार विचारतो. उजव्या बाजूची पाकळी पडली तर होकार, डाव्या बाजूची पडली तर नाही. याला कौल म्हणतात. देवी देईल तो वार. सोमवार देईल, बुधवार देईल, एकदा पाकळी दुपार टळेपर्यंत हललीच नव्हती आणि सगळं गाव उपाशी बसून होतं. मग मुंबईला निरोप यायचा आणि आम्ही वळकट्या बांधायचो. जत्रेच्या रात्री पालखी देवळाभोवती फिरते. तिचा पुढचा खांदा आमच्या घराचा. बापाचा होता, बाप गेल्यावर माझा झाला.

एका वर्षी देवीने मंगळवार दिला. मुकादम म्हणाला, "रविवार धरून जा की, तुझी देवी काय पळून जाते?" मी म्हटलं, रविवार तुझा, मंगळवार तिचा. गेलो. परत आलो तर माझ्या साच्यावर दुसरा माणूस उभा. पुढे कित्येक महिने मी रोज सकाळी फाटकावर बदलीवाल्यांच्या घोळक्यात उभा राहिलो, कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम. बायकोने एक शब्द काढला नाही. ती समजून होती म्हणून गप्प होती असं मला वाटायचं. ती रागाने गप्प होती हे मला फार उशिरा कळलं.

तर त्या सभेचं. लालबागेत आमच्या गावची एक खोली आहे. पूर्वी गावातून आलेला गडी आधी तिथेच पथारी टाकायचा, मीही टाकली. आता तिथे कुणी झोपत नाही. भिंतीला देवीचा फोटो, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि गावकऱ्यांच्या मंडळाची सभा असली की दार उघडतं. दिवाळीनंतरच्या शनिवारी संध्याकाळी सभा बोलावली होती. खोली भरली होती, तेव्हाच मला जरा नवल वाटलं. आमचा चिटणीस म्हणजे एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा, बोलायला गोड. त्याने सुरुवात माझ्यापासूनच केली.

"काका, मागच्या जत्रेला गुरुवार आला. मुंबईची माणसं गेलीच नाहीत. पालखीला खांदे कमी पडले, तुम्ही स्वतः बघितलंत. म्हणून यंदा देवीला फक्त वीकेंडचं विचारू."

"कशाचं?"

"वीकेंडचं. शनिवार नाहीतर रविवार. म्हणजे आठवड्याचा शेवट."

"आठवड्याला शेवट असतो?" मी म्हटलं. "मग सोमवारी काय नवीन जन्म घेता?"

"सोमवारी आम्ही मरतो काका," मागून कुणीतरी म्हणालं. खोली हसली.

"आणि बाकीचे वार?"

"ते ऑफिसचे."

मी उभा राहिलो. म्हटलं, "पोरगी बघायला गेलात आणि बापाने दोनच पुढे केल्या, यातली घे म्हणाला, तर त्याला पसंती म्हणायचं काय? देवीला असं विचारणार?"

"तुमच्या वेळी तर एकच दाखवली होती ना काका," चिटणीस म्हणाला.

पुन्हा सगळे हसले. माझ्या वयाचे दोघं होते तेही हसले. त्यांच्याकडून मला आधाराची आशा होती, पण एकाचे गुडघे एस्टीत बसू देत नव्हते, दुसऱ्याला नातवाच्या गाडीतून जायचं होतं, आणि नातवाची गाडी वीकेंडलाच मोकळी.

माझा मुलगा दाराजवळ बसला होता. चाळिशीचा आहे, लोअर परळला नोकरी. तो हातातल्या फोनवरून मान वर न करता म्हणाला, "बाबा, बसा आता. यात चुकीचं काय आहे? मला मागच्या वर्षी सुट्टी मिळाली नाही."

"मला मिळायची काय? मी घ्यायचो."

"आणि मग काय झालं ते आईला विचारा."

खोलीत कुणी हसलं नाही. त्या फाटकावरच्या महिन्यांबद्दल घरात कधी बोलणं झालं नव्हतं, तेव्हा तो लहान होता. म्हणजे त्याला तिने सांगितलं होतं. मला ते तिथे, सगळ्यांसमोर कळलं.

माणूस अशा वेळी गप्प बसला तर निभावतं. मी बसलो नाही. म्हटलं, "विचारा. खुशाल शनिवार विचारा. देवीने उजवा कौल दिला तर मी पालखीचा खांदा सोडीन. हा घेईल." आणि मुलाकडे बोट केलं.

मुलगा म्हणाला, "मला कशाला? मी व्हिडिओ काढतो दरवर्षी."

दरवर्षी म्हणजे ज्या वर्षी जत्रा त्याच्या सोयीने येते त्या वर्षी. पण मला त्याची पर्वा नव्हती. मला खात्री होती. ती देवी मंगळवारी मला गिरणीतून ओढून नेणारी, ती शनिवार देणार नाही.

मग कळलं की गावात सगळं आधीच ठरलं होतं. गुरव देवळात तयार बसला होता, चारपाच मानकरी होते, फक्त फोन लावायचा बाकी होता. चिटणिसाने फोन देवीच्या फोटोखाली टेकवून ठेवला. पडद्यावर गाभारा दिसायला लागला, समई, देवीच्या अंगावरच्या शेवंतीच्या पाकळ्या. आम्ही सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," लालबागची खोली म्हणाली. मीही म्हटलं. तोंड आपोआप उघडतं.

"तुझी लेकरां मुंबयक पोटापाठी आसत म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"शनिवार-आयतवार सोडून तेंका सवड गावणा नाय म्हाराजा. शनिवारची जत्रा तुझ्या मर्जीक येत आसात, तर उजवो कौल दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मी या वेळी म्हटलं नाही.

मी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभा होतो. मागचे म्हणत होते, काका बाजूला व्हा, दिसत नाही. मी झालो नाही. आणि पाकळी पडली. उजवी. गाऱ्हाण्याचा आवाज थांबतो न थांबतो तोच पडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, जशा क्रिकेटला वाजवतात.

माझ्या मनात आलं ते लिहितो. मनात आलं, पाकळी नीट भिजवली नसेल. कोरडी पाकळी लगेच सुटते. तोंडापर्यंत आलं आणि मी गिळलं. गुरवावर बोललो तर ते देवीवर जातं, आणि देवीवर बोलायचं तर जन्मभर मी केलं ते काय केलं? मंगळवारी पडलेली पाकळी खरी आणि शनिवारची खोटी, असं म्हणायला मला तोंड नव्हतं. चिटणीस जवळ आला, पाया पडला, म्हणाला, "काका, ते खांद्याचं तुम्ही रागात बोललात. आम्ही ऐकलंच नाही असं समजा."

"तुम्ही नसेल ऐकलं," मी म्हटलं, "तिने ऐकलं."

घरी आलो तर बायकोला आधीच फोन आलेला. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तोंडाक कुलूप घालूक जमला नाय तुमका."

मी म्हटलं, "तू मुलाला काय काय सांगितलंस?"

"जा झाला ता." तिने आमटीची वाटी पुढे सरकवली. "आणि देवीवर कित्याक रागावतास? ती म्हणात तो वार, असा तुम्हीच म्हणालास ना जन्मभर? म्हणाली."

मी आमटीत भाकरी मोडली. ती पुढे म्हणाली, "मंगळवार दिल्यान तेव्हा माका कोणी विचारूक नाय. आज तुमका कोणी विचारूक नाय. इतकाच." आणि भांडी घासायला मोरीत गेली. इतक्या वर्षांत त्या महिन्यांबद्दल ती बोलली ते एवढंच. सून खाली मान घालून जेवत होती. मुलगा जेवून मित्रांबरोबर बाहेर गेला, कारण दुसऱ्या दिवशी सुट्टी.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी त्याला उठवलं.

"बाबा, आज रविवार आहे."

"माहीत आहे. वीकेंड. तुला सवड आहे म्हणूनच उठवतोय. ऊठ."

तो काहीबाही पुटपुटत चाळीच्या गॅलरीत आला. कपडे वाळत घालायचा जाड बांबू मी आधीच काढून ठेवला होता, आणि पाण्याने भरलेल्या दोन कळशा त्याच्या मधोमध बांधल्या होत्या. त्याला पुढे उभं केलं. बांबू मानेच्या किती जवळ ठेवायचा, हात कुठे धरायचा, पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं, सगळं दाखवलं. मागच्या टोकाला धरायला कुणी नव्हतं, म्हणून मी गेलो. पालखीच्या मागच्या खांद्याला मी जन्मात कधी गेलो नव्हतो. तिथून दिसते ती फक्त पुढच्या माणसाची पाठ.

शेजारचा दूध घ्यायला बाहेर आला. बांबू, कळशा आणि आम्ही दोघं बघून म्हणाला, "काय काका, कुणाची तयारी? तुमचीच काय?"

"अजून नाही. जत्रेची."

मुलगा हसला आणि कळशीतलं पाणी हिंदकळलं. मी म्हटलं, हसू नकोस, चाल. गॅलरीच्या टोकाला वळलो तेव्हा त्याने डावा खांदा दुखला म्हणून बांबू उजव्यावर घेतला. पुढच्या माणसाने मध्येच खांदा बदलायचा नसतो. मी काही न बोलता माझं टोक खाली टेकवलं, त्याला टेकवायला लावलं, आणि पहिल्या खोलीच्या दारापासून पुन्हा चालवलं.